मुंबईच्या विमानातलं सांबारं

आखातातल्या एका शहरात मी विमानांसाठी जेवण बनवणाऱ्या किचनची मॅनेजर होते. त्याआधीची बरीच वर्षं अंधेरीला, विमानतळाच्या मागच्या अंगाला असलेल्या अशाच एका किचनमध्ये गेली होती. आखातात मात्र हाताखाली नेपाळी, फिलिपिनो, केरळी अशी सगळीकडची माणसं आली. आपसात मोडकं इंग्रजी, नाहीतर त्याहून मोडकं हिंदी. मराठी बोलणारी मी एकटीच. भांडुपला घरी फोन लावला की पहिली दोन मिनिटं मी उगाचच भराभर बोलत सुटायचे.

निघताना आईला म्हटलं होतं, "तू येशील ना राहायला?" ती म्हणाली होती, "येईन की. तुझं घर लावून देईन." वर्ष सरायच्या आत तिच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा मुलुंडला डायलिसिस. मुंबई सोडून कुठे जाणं तिला आता शक्यच नव्हतं. घरी बाबा होते, भाऊ-वहिनी होते. मी परत यायचं म्हटलं की ती चिडायची. "येऊन काय करशील? मशीनशेजारी बसशील? कॉन्ट्रॅक्ट पुरं कर आधी."

आमच्याकडचं जेवण घेऊन रोज एक विमान मुंबईला जायचं. ट्रॉल्या भरून ट्रक निघाला की मी दारात जाऊन उभी राहायचे. ते काम माझं नव्हतं, सुपरवायझर होता त्यासाठी. पण संध्याकाळी हे डबे मुंबईत सहार विमानतळावर उतरणार आणि मी इथेच राहणार, हे रोज नव्याने टोचायचं.

त्या विमानाचा मेनू बदलायची वेळ आली तेव्हा मी आमचं मालवणी काळ्या वाटाण्याचं सांबारं सुचवलं. आमचा मुख्य शेफ श्रीलंकेचा, वयाने माझ्याहून मोठा. खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं म्हटल्यावर त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. ती अंथरुणावरून ओरडत होती, "अजून भाज, अजून! घाबरतो काय तो?" मी भाषांतर करत होते. शेफ हसून म्हणाला, "मॅडम, तुमच्यापेक्षा ह्या कडक आहेत."

एअरलाइनच्या लोकांनी चव घेतली आणि सांबारं पास झालं. फक्त मीठ आणि आंबट जरा चढं ठेवावं लागलं. इतक्या उंचीवर जिभेला चव कमी लागते. जमिनीवर बरोबर लागलेलं वर पुळचट लागतं.

त्यानंतर बाबा आले. आईनेच धाडलं त्यांना. "मला जमत नाही, तर तुम्ही तरी बघून या पोर कुठे राहते ती." गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून संसार ओढलेला माणूस, पहिल्यांदाच विमानात बसला होता. आठवडाभर ते माझ्या फ्लॅटमध्ये फोन घेऊन फिरत राहिले. नळ, गॅस, कपाट, सगळ्याचे फोटो आईला. किचनचं नुसतं दार दाखवता आलं, आत परवानगी नव्हती. दारातून त्यांनी पांढरी टोपी घातलेली माणसं पाहिली आणि विचारलं, "हे सगळे तुझा ऐकतत?"

परतीच्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "बाबा, आज विमानात आपलं सांबारं मिळेल. गरम गरम खा." रात्री फोन केला. "जेवलात ना? कसं होतं?"

ते म्हणाले, "मी पाव खाल्लंय गो. सांबाऱ्याचो डबो घरी आणलंय. तुझ्या आवशीक दाखवचो होतो."

तो डबा विमानातच संपवायचा असतो, नाहीतर टाकून द्यायचा, हे मी रोज माणसांना शिकवत होते. शिवाय वाटाणा, नारळ, मीठ, आईला तिन्ही बंद. "बाबा, नुसतं दाखवलंत ना?"

फोन आईने घेतला. "ओरडू नकोस त्यांना. दोनच चमचे खाल्लं."

"आई, अगं त्यात मीठ किती असतं माहितीये?"

"म्हणूनच तर चांगलं लागलं," ती म्हणाली. "खोबरं मात्र नीट भाजलंय हो त्याने. सांग त्याला."

मी फोन ठेवला आणि पुढचे दोन दिवस धास्तीत काढले. तिला काही झालं नाही. शेफला निरोप दिला, तर त्याने लाजून टोपी काढली.

कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर मुदत वाढवून देत होते. मी नको म्हटलं. अंधेरीला जुन्याच कंपनीत, जुन्याहून थोड्या खालच्या हुद्द्यावर परत लागले. सुट्टी मिळेल तेव्हा मुलुंडला आईच्या मशीनशेजारी बसायचे. फोनवर तिने नको म्हटलेलं तेच. आता ती मला उठू द्यायची नाही.

डायलिसिसचे चार तास सरता सरायचे नाहीत. ती विचारायची, "तुझ्या खिडकीतून काय दिसायचं गं? बाबांच्या फोटोत नीट आलं नव्हतं."

मी सांगायचे. समोर गाड्या लावायचं मोठं मैदान, कडेला खजुराची धुळकट झाडं, पलीकडे कुंपण. शुक्रवारी सकाळी सगळं सामसूम, आणि केरळी दुकानातून परोट्यांचा वास. सांगता सांगता मलाच त्या शहराची आठवण यायची. तिथे असताना कधी वाटलंही नव्हतं असं होईल.

"बाजार लांब होता?"

"नाही, चालत जायचे."

"मग मी आले असते तर तू कामावर गेल्यावर एकटीच जाऊन आले असते," ती म्हणायची. डोळे मिटलेले असायचे. "दुकानवाल्याशी कुठल्या भाषेत बोलले असते गं मी?"

पुढच्या वर्षी ती गेली. भाऊ म्हणतो, मी आले ते बरं झालं. मलाही तसंच वाटतं. पण कधी कधी वाटतं, तिला त्या बाजारात पिशवी घेऊन भाव करताना एकदा तरी बघायला हवं होतं.