विमानाची वेस

पालमच्या विमानतळावर हिवाळी सकाळी पेट्रोलचा उग्र दर्प आणि ओल्या धुळीचा वास असे काही एकजीव होतात, की निरोप द्यायला गेलेल्याच्या कोटाला ते दिवसभर चिकटून राहतात. आता राजधानीचा हा तळ सजू लागला आहे. साता समुद्रांपलीकडची विमाने इथे उतरतात, पाहुण्यांच्या गळ्यात झेंडूचे हार पडतात. माझ्या मनात मात्र अजून युद्धातलाच पालम आहे, धुक्याने भरलेला, उदास.

त्या दिवसांत मी दिल्लीत लष्कराच्या एका कचेरीत कारकून होतो. माण तालुक्यातल्या आमच्या गावचा नामदेव, माझ्या मास्तर वडिलांच्या शाळेतला माझा सोबती, पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर निघाला होता, तोही विमानाने! आमच्याकडे माणूस प्रवासाला निघाला की तो वेस ओलांडेपर्यंत घर झाडत नाहीत. पाठोपाठ केर काढतात तो फक्त तिरडी उचलल्यावर. नामदेवाच्या आईने, सगुणामावशीने, मनाशी ठरवून टाकले की लेकाची खरी वेस आता दिल्लीत आहे, आणि तिथून तो दिसेनासा झाल्याचे पत्र येईपर्यंत केरसुणीला हात लावायचा नाही. हसू नका. आभाळात वेस कुठे असते, हे तुम्हाआम्हाला तरी कुठे ठाऊक आहे?

शिडीपाशी नामदेव म्हणाला, "गड्या, इमान दिसंनासं हुस्तवर हितंच ऱ्हा. आई इचारंल." मी मान डोलावली. पण धुके हटेना, विमान हलेना. गारठ्याने बोटे बधिर झाली, साहेबाचा चेहरा आठवला, आणि मी पाठ फिरवली. दुपारी मावशीला पत्र टाकले: विमान दिसेनासे होईपर्यंत मी उभा होतो, आता झाडून घ्या. किती सहज लिहून गेलो मी ते!

पुढे तो बेपत्ता झाल्याची तार गावी गेली. युद्ध संपल्यावर मी रजेवर गेलो, तेव्हा मावशीचे अंगण लख्ख झाडलेले होते, आणि ते पाहूनच मला माझे पत्र आठवले. तिने गूळपाणी दिले आणि एवढेच विचारले, "तू बघितलंस न्हवं रं, पार दिसंनासा हुस्तवर?"

खरे सांगायचे म्हणूनच मी उन्हातून चालत गेलो होतो. तोंडून निघाले, "व्हय, मावशी."

तिचा चेहरा जरा निवला. "लय बरं झालं बाबा. आपल्यातल्या कुणीतरी त्याला पाठमोरा बघितला."

निघताना ओढ्यापाशी वळून पाहिले, ती अंगणात उभी होती. माळावर पोचून पुन्हा पाहिले, तरी उभीच. माणच्या त्या उघड्या माळावर माणूस फार लांबवर दिसतो हो!

हल्ली कोणाला पोचवायला पालमला गेलो, की विमान ठिपका होऊन पुसले जाईपर्यंत मी जागचा हलत नाही. बरोबरचे लोक हसतात आणि मोटारीत जाऊन बसतात. पण एकासाठी जे केले नाही, ते शंभरांसाठी करून फिटते का?

परवा गावाकडचा एक माणूस भेटला. म्हणाला, मावशीच्या अंगणात लिंबाचा पाला साचलाय, तू येऊन गेल्यापासून ती झाडतच नाही. विचारले तर म्हणते, मास्तराचा पोरगा दिल्लीला पोचल्याचं पत्र अजून आलं न्हाई.

लाजेने मी ते कधी लिहिलेच नव्हते. आज कार्ड पुढ्यात घेऊन बसलो आहे. कोटाला सकाळचा पालमचा वास आहे, आणि 'सुखरूप पोचलो' एवढे दोन शब्द माझ्याने लिहवत नाहीत.