लाखेचे सील आणि सुटलेले नट

सुटलेला नट दिसला की तुम्ही आधी काय शोधता? तो सोडणारा हात, की तो सोडायला लावणारी थरथर? मी हात शोधला. त्या चुकीपायी एक निरपराध माणूस चार दिवस माझ्या कोठडीत बसला. म्हणून ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि विसरायचेही नाही.

नव्वदच्या दशकात मी बारामतीला फौजदार होतो. जळोचीच्या पुढे पशुखाद्याचा एक कारखाना होता. तिथे लोखंडी गर्डरचे दोन माळे, आणि प्रत्येक माळ्यावर भरडा चाळणारी एक मोठी यंत्रचाळण. एका दुपारी त्यातला एक माळा कोसळला. खाली पोती शिवणारा कामगार जागीच गेला. पंचनाम्यात गर्डरच्या जोडावरचे नट सुटलेले मिळाले. त्यांवर पान्याचे ताजे ओरखडे होते.

त्याच संध्याकाळी मालकाने ठाण्यात येऊन खबर दिली. "फिटरला पाना घेऊन माळ्यावर चढताना चौघांनी बघितलंय. कायम करा म्हणून भांडत होता. डूख धरला त्यानं."

फिटर इंदापूर तालुक्यातला, आयटीआय झालेला, तिशीचा. स्टेशन डायरीत नोंद केली, अटक केली, न्यायालयातून कोठडी घेतली.

"वर कशाला गेला होतास?"

"नट आवळायला."

"आवळायला की सोडायला?"

"सोडायला पाना कशाला लागतोय, साहेब? मोठी पुली बसवल्यापासनं ते आपल्या पायानं सुटत्यात. मी रोज आवळतो."

हवालदार हसला. "नटाला पाय फुटलं म्हणं!"

"फुटलेत. बघायला चला."

माल जास्त निघावा म्हणून मालकाने दोन्ही मोटारींवर मोठी पुली चढवून चाळण्यांचा वेग वाढवला होता. यंत्राखालचे, हादरे शोषणारे रबरी पॅड झिजले, तेव्हा नवे आणण्याऐवजी यंत्र थेट गर्डरला आवळायला लावले होते. मला त्यात काहीच वावगे दिसले नाही.

"घट्ट आवळल्यावर हलेल कसं?" मी विचारले.

"आवळून थरथर मरत न्हाय. ती खाली गर्डरमधी उतरती. मी दोनदा सांगितलं मालकास्नी. तर म्हनले, चार बुकं शिकलास म्हनून आमाला शानपन शिकवतो व्हय?"

तिसऱ्या दिवशी वरून फोन आला: कबुली घ्या, विषय संपवा. मी तयार जबाबाचा कागद त्याच्यापुढे सरकवला. लिहिताना आजही लाज वाटते.

"सही करनार न्हाय. मारायचं तर मारा," तो म्हणाला. "आन् दुसरा माळा पडल तवा त्याच्या नटाचीबी सही घ्या."

दुसरा माळा! तो उद्यापासून चालू होणार होता आणि त्याच्याखाली माणसे बसणार होती. मी तो कागद फाडला आणि कारखाना गाठला.

फाटकावर सुप्याकडचे एक म्हातारे धनगर राखणदार होते. त्यांना विचारले, "आबा, मशीन चालताना काय जाणवायचं?"

"आमी गजी नाचतो तवा माळवदावर कुनाला नाचू देत न्हाय," आबा म्हणाले. "ढोलावर समद्यांचा पाय एकदम पडतोय. संथ ठेका घर सोसतं, घाईचाबी सोसतं. पर एक ठेका आसा आसतो की त्यो घराच्या अंगातच शिरतो. मग घर सोताच नाचाया लागतं. नव्या पुलीचा ठेका माळ्याच्या अंगात शिरला हुता बगा."

दुसऱ्या दिवशी पंच बोलावले, तंत्रनिकेतनातले एक प्राध्यापक आणले आणि माळ्याखालचा भाग मोकळा केला. फिटरकडूनच शाबूत माळ्याचे बारा नट आवळून घेतले. प्रत्येक नटावरून गर्डरवर पांढरी रेघ ओढली, तिच्यावर लाख ओतली आणि ठाण्याचा पितळी शिक्का उमटवला.

मालक हसला. "फौजदारसाहेब, नटांना अटक करताय काय?"

"साक्षीदार करतोय."

यंत्र अर्धा तास चालवले. बारापैकी सात सील तडकली. लाख खरवडून पाहिली, तर त्या सातही नटांवरची रेघ गर्डरवरच्या रेघेपासून सरकली होती. कोणाचाही हात लागला नव्हता. मग जुनी पुली बसवली, पुन्हा आवळले, पुन्हा सील ठोकले, पुन्हा अर्धा तास. एकाही सीलला तडा गेला नाही. पान्याचे ते ताजे ओरखडे गुन्ह्याचे नव्हतेच; माळा रोज उभा ठेवणाऱ्याचे होते.

फिटर सुटला. आरोपी म्हणून मालकाचे नाव लागले. वरून पुन्हा फोन आला, माझी बदली झाली. सामान बांधून गेलो, पण पंचनाम्याचा एक शब्द बदलला नाही.

फिटरने निघताना "जय भीम, साहेब" म्हटले. मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफीचं ऱ्हाऊ द्या. पुढच्या बारीला आधी मशीन बघा, मग मानूस."

तेव्हापासून मी तसेच केले. अपघात झाला की सगळ्यात खालच्या माणसाचा हात पकडणे सोपे असते, कारण थरथरीला हातकडी घालता येत नाही. पण तिच्याकडे पाठ फिरवणाऱ्याला घालता येते.

म्हणून एवढे करा. तुमच्या कारखान्यात, गिरणीत पायाखालचा माळा थरथरत असेल, तर आजच नटावरून गर्डरपर्यंत एक रेघ ओढा. उद्या बघा. रेघ मोडली असेल तर यंत्र बंद करायला लावा, तसे कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि नक्कल स्वतःपाशी ठेवा. कोणी "हलतंय तर हलू दे" म्हणाले, तर त्याचे हे वाक्यही त्याच कागदावर लिहा. माणूस मरायच्या आधी लिहा.