भाऊंची लेक गाडी शिकते

मोसंबीच्या बागेवाले भाऊ म्हणून आमच्या भागात जे ओळखले जातात, त्यांच्या लेकीइतकी वाईट गाडी चालवणारं माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात झालं नाही, आणि पुढं होईल असं मला वाटत नाही. हे मी रागानं नाही, अधिकारानं बोलतोय. अंबडला माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि निम्मा तालुका माझ्या शिव्या खाऊन गाडी शिकलाय. त्यात क्लच आणि ब्रेक एकदमच दाबून देवाचं नाव घेणारे होते, आरशात मागची वाहनं सोडून स्वतःचा भांग बघणारे होते, एक गुरुजी तर गिअर बदलताना डोळे मिटायचे. ही पोरगी त्या सगळ्यांना पुरून उरली. तिला कॅन्सर होता, हेही आत्ताच सांगून टाकतो. नाहीतर पुढं कुठंतरी ते कळल्यावर तुम्ही "अरेरे, बिचारी" म्हणाल आणि तिचे रस्त्यावरचे सगळे गुन्हे माफ कराल. ते मला चालणार नाही. ती चोवीस वर्षांची होती, आजार मोठा होता आणि गाडी भिकार चालवायची. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि त्या एकात एक मिसळणाऱ्यांचा तिला भयंकर संताप यायचा.

हॉर्नपासून सुरुवात करतो. ती हॉर्न वाजवायचीच नाही. आमच्याकडं माणूस एकवेळ ब्रेकशिवाय गाडी काढेल, हॉर्नशिवाय काढणार नाही. हिचं म्हणणं, "सर, पुढचा माणूस आपल्या कामानं चालून राह्यला. त्याला कामून दचकवायचं?" त्यामुळं घनसावंगीच्या रस्त्यावर आम्ही एकदा म्हशींच्या कळपामागं म्हशींच्याच चालीनं पाऊण तास गेलो, आणि शेवटी गुराख्यालाच आमची दया आली. दुसरी खोड म्हणजे रस्त्यावर कुणी हात केला, की गाडी थांबलीच. पुढं-मागं लाल रंगात एल लिहिलेलं, छपरावर माझ्या स्कूलची पाटी, तरी एकदा डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "जांबला जाती का गं गाडी?" ही म्हणाली, "जाती की, बसा." मी ओरडलो, "अगं, ही शिकायची गाडी आहे, काळी-पिवळी नाही!" तर मागं ऐसपैस बसलेली म्हातारी मलाच म्हणाली, "तू गप बस रे. पोरगी बराबर चालवून राह्यली." त्यानंतर गाडी नऊ वेळा बंद पडली. नवव्या वेळी म्हातारी गाठोडं घेऊन उतरली आणि म्हणाली, "पोरी, तू ये सावकाश. मला जल्दी हाय." अशी चालत गेली, आणि खरं सांगतो, आमच्या आधी फाट्यावर पोचली.

शिवाय मोसंबी. गाडीत बसली की ही मोसंबी सोलायची. डॅशबोर्डवर साली, गिअरच्या खाचेत बिया, स्टिअरिंग चिकट. "ही गाडी आहे का रसवंती?" असं मी रोज विचारायचो आणि ती रोज एक फोड माझ्यापुढं करायची. भर मे महिन्यात डोक्याला गच्च स्कार्फ, त्यालाही मी नावं ठेवली. मला वाटलं, फॅशन असेल. मग एक दिवस उतरताना ती म्हणाली, "सर, उद्यापासून चार दिवस येणार न्हाई. केमो हाय." लग्नाला जायचंय म्हणून सुट्टी मागावी, तशा आवाजात. मळमळ दाबायला ती मोसंबी खाते, हे मला त्या दिवशी कळलं. मी घरी गेलो आणि जेवलो नाही.

चार दिवसांनी ती आली आणि अंतरवाली सराटीच्या चौकात तिनं गाडी सरळ चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर घातली. बाकड्यावर कुणी नव्हतं, हे टपरीवाल्याचं नशीब. एरवी मी आकाशपाताळ एक केलं असतं. त्या दिवशी म्हणालो, "असू दे बेटा. होतं असं." तिनं आयुष्यात पहिल्यांदा हँडब्रेक बरोबर ओढला आणि माझ्याकडं वळली. "सर, तुम्ही मला बेटा म्हणले."

"मग?"

"पंधरा दिवस झाले, तुम्ही मला म्हैस म्हणून राह्यले. घरात सगळे बेटा म्हणतेत. डॉक्टर म्हणतेत, नर्स म्हणतेत, कधी घास न देणारी चुलती पण आता बेटा म्हणती. मला म्हैस म्हणणारं एक तरी माणूस पाहिजे ना. तुमच्यानं जमत नसंल तर सांगा, मी दुसऱ्या क्लासला जाते."

मला शरम वाटली. असली शरम मला सहसा वाटत नाही. मग मी असा काही ओरडलो, की टपरीवाला स्वतःचं मोडलेलं बाकडं विसरून मलाच समजवायला लागला. ती मात्र खूश होती.

समजूत काढायला येणाऱ्यांना तर तिनं धसका घ्यायला लावला होता. या लोकांबद्दल काय बोलावं? शहाळं घेऊन यायचं, तोंड पाडून बसायचं आणि "आमच्या मेव्हण्याला पण हेच झाल्तं, सहा महिन्यांत गेला" असं सांगून शहाळ्यातलं अर्धं पाणी आपणच प्यायचं. असेच एक लांबचे काका एकदा गावाच्या वेशीवर आमच्या गाडीला आडवे आले. गाडी अर्थातच बंद पडलेली. काकांनी खिडकीतून हात घालून तिच्या स्कार्फवर ठेवला, डोळे मिटले आणि आशीर्वाद सुरू केला. ही म्हणाली, "काका, आशीर्वाद मंग द्या. आधी धक्का द्या." पांढरंशुभ्र धोतर सावरत त्यांनी पार मारुतीच्या देवळापर्यंत गाडी ढकलली. बॅटरी चांगली होती, चावी फिरवली असती तरी गाडी सुरू झाली असती. मला ते माहीत होतं. मी आरशातून धोतराची कसरत बघत राहिलो.

एवढा जिवाचा आटापिटा कशासाठी, असं मी एकदा विचारलं. भाऊंनी दवाखान्याच्या खेपांसाठी जुनी गाडी घेतली होती, पण घरात ती चालवणारं कुणी नव्हतं. दर खेपेला गावातला एक ड्रायव्हर बोलवावा लागायचा. तो जालन्यापासून संभाजीनगरपर्यंत आतापर्यंत नेलेल्या पेशंटांच्या हकिकती सांगायचा, आणि त्यातला एकही पेशंट बरा झालेला नसायचा. भाऊ पुढं फाईल छातीशी धरून बसायचे. "सर, मागं बसले की मी पेशंट असते," ती म्हणाली. "आणि माझा बाप त्या माणसाचं ऐकून रोज थोडा थोडा मरून राह्यला. मला एकदा त्यांना शेजारी बसवून स्वतः न्यायचंय. बस, तेवढंच." मी म्हणालो, "तू चालवलीस तर ते वाटेतच जातील." ती इतकी हसली, की गाडी पुन्हा बंद पडली.

परीक्षेच्या दिवशी तिनं माझं नाव धुळीला मिळवलं. खांबांमधून इंग्रजी आठचा आकडा काढायचा होता. हिनं जो काढला, तो कुठल्याच भाषेत नाही. तीन खांब आडवे. मी परीक्षा घेणाऱ्या आरटीओच्या साहेबांना बाजूला घेऊन तिच्या तब्येतीचं सांगायला निघालो, तर तिनं माझी बाही धरली. "सर, सांगू नका. ते पास करतेन."

"मग चांगलंच आहे की!"

"आन् मंग बापाला कोणत्या भरवशावर शेजारी बसवू?"

साहेबांनी नियमाप्रमाणं नापास केलं. पुढचे दिवस मी बाकीचे शिकाऊ सोडून दिले आणि एका पडीक रानात विटा मांडून तिच्याकडून आठ काढून घेतले. मधे एकदा तिला सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी, तोंडात मोसंबी आणि पुन्हा विटा. दुसऱ्या परीक्षेत तिनं आठ काढला. वेडावाकडा होता, पण आठ होता. चढावर थांबून गाडी पुढं काढायची होती, तिथं इंजिन एकदा घसा खरवडल्यासारखं करून गप्प झालं, पण गाडी एक बोटभरही मागं आली नाही. साहेब पास म्हणाले. मी तोंड फिरवून नाक शिंकरलं आणि धुळीला शिव्या दिल्या.

पुढच्या केमोला ती स्वतः भाऊंची गाडी घेऊन संभाजीनगरला निघाली. शेजारी भाऊ, मागं आई आणि मी. माझ्या शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. भाऊंच्या गाडीत तो नव्हता, तरी जालना येईपर्यंत माझा पाय पुढच्या सीटवर दाबून दाबून दुखायला लागला. ताशी चाळीसच्या वर गेली असेल तर शपथ. सळयांनी भरलेले ट्रक मागून बोंबलत होते, दुचाकीवरची पोरं वळून वळून बघत होती. तिनं हॉर्नला हात लावला नाही. बदनापूर मागं पडलं आणि मला पुढून घोरण्याचा आवाज आला. भाऊ झोपले होते. मान कलंडलेली, तोंड उघडं, छातीवरची फाईल घसरून पायाशी. मागून आई हळूच म्हणाली, "किती महिन्यांनी झोपले गं." पोरीनं मान हलवली, पण नजर रस्त्यावरून काढली नाही. मीच शिकवलं होतं तसं. गाडी बंद पडली तर भाऊ जागे होतील, म्हणून तिनं ती दवाखान्याच्या दारापर्यंत एकदाही बंद पाडली नाही. त्या दिवशी मला तिच्या गाडीत काही म्हणजे काही चूक काढता आली नाही.

अशा सात खेपा तिनं केल्या. आठव्या खेपेला मी चालवली.

आता ती नाही. मला तिची आठवण येते, आणि ती येते म्हणून चिडचिड होते. मागच्या महिन्यात भाऊ स्कूलवर आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, मग खिशातून तिचं लायसन काढून टेबलावर ठेवलं. स्कार्फमधला फोटो, ओठ घट्ट मिटलेले. खाली मुदत लिहिलेली होती, ती चाळिशीची होईल त्या वर्षापर्यंतची.

"सर, तुम्हाला नियम माहीत आहेत," भाऊ म्हणाले. "हे आता सरकारात जमा करावं लागतं का?"

मला नियम माहीत आहेत. ते शिकवण्यातच माझं आयुष्य गेलं. मी लायसन हातात घेतलं, मागंपुढं नीट पाहिलं आणि त्यांच्या खिशात परत ठेवलं.

"नाही भाऊ," मी म्हणालो. "मुदत अजून बाकी आहे."