रुसव्याचा नारळ

त्यानं पाय चुकवला होता.

धुळवडीचा दिवस. तात्यांचं अंगण. तात्या म्हणजे आमचे बागाईतदार. त्यांच्या केळीला आणि पानमळ्याला रहाटाचं पाणी द्यायचं काम माझ्याकडे. अंगणात अर्धं उमेळं गाव जमलेलं, आणि मधोमध तात्यांचा भाचा मधूदादा. मुंबईच्या कुठल्याशा नाटक कंपनीत तो लोकांना हसवायची कामं करायचा. शिमग्याला मामाकडे आला होता. गुडघ्याला बांबूची कामटी बांधून तो माझ्यासारखा चालत होता.

मांडीवर हात दाबायचा, कंबर वाकडी करायचा, पाय ओढायचा. मधेच तोंड उघडं टाकायचा आणि बाहीनं लाळ पुसायचा. माझी लाळ गळत नव्हती. कधीच नाही. पण लोकांना ती लाळच जास्त आवडली.

गाव हसत होतं. मीही हसत होतो. सगळ्यांत मोठ्यानं.

मधूदादा माझ्यापुढं येऊन थांबला. "काय रे, जमलं का?"

एखाद्या शहाण्यानं मान खाली घातली असती. एखाद्या शूरानं थोबाड फोडलं असतं. मी काय म्हणालो?

"उजवा, दादा. माझा उजवा पाय. तुम्ही डावा ओढताय."

मग तर लोक जमिनीवर लोळले. मधूदादानं कामटी सोडून उजव्या गुडघ्याला बांधली. मी पुढं होऊन गाठ मारून दिली. घट्ट. मारलेली गाठ सुटू नये याची मला काळजी! एवढा मोठा गाढव वसईच्या बाजारातही मिळाला नसता.

पडवीच्या खांबाला टेकून माझी आई उभी होती. ती हसत नव्हती.

"तू हसतोस कशाला रं?" घरी जाताना तिनं विचारलं.

"शिमगा हाय, आये."

आमच्या गावात तेव्हा एक रीत होती. होळीपासून रंगपंचमीपर्यंत कुणी कुणाची कसलीही टिंगल करावी. सोंग काढावं, नाव ठेवावं, घरातलं उणं चव्हाट्यावर आणावं. रुसायचं नाही. जो रुसेल त्यानं सगळ्यांसमोर नारळ ठेवायचा आणि "मी रुसलो" म्हणायचं. मग तो नारळ फोडून खोबरं गावभर वाटायचं आणि पुढच्या शिमग्यापर्यंत त्याला 'रुसका' म्हणायचं. मला आठवतं तेव्हापासून असा नारळ कुणीच ठेवला नव्हता. आमचं गाव केवढ्या मोठ्या मनाचं, असं मला वाटायचं. नंतर मी नीट बघायला लागलो, सोंगं कुणाची निघतात ते. तात्यांचं पोट घागरीएवढं होतं. त्याचं सोंग कधी निघालं नाही. सोंगं निघायची ती तोतऱ्या गुरवाची, कुबड्या शिंप्याची, आणि माझी.

पण ही अक्कल नंतरची. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि माझी एक युक्ती होती. लोकांनी हसायच्या आधी आपणच हसवायचं. "रेड्याचे पाय चार, माझे दीड. तात्यांना साडेपाच पायांचं जनावर एकाच्या मोलात पडलं," हा माझा ठरलेला विनोद. लहानपणी तापात पाय वाळला, तेव्हा पुन्हा चालायला शिकण्याआधी मी असं बोलायला शिकलो. रहाटाच्या दांडीवर बसून दिवसभर रेडा फिरवायचा, हे बसून करायचं काम तात्यांनी मला दिलं होतं. 'उपकार' हा शब्द ते रोज काढत नसत. आठवड्यातून दोनदा.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मधूदादा रहाटावर आला. हातात माझ्यासाठी पानाचा विडा. तिथंच मला संशय यायला हवा होता. मालकाच्या घरचा माणूस विडा घेऊन रेड्याच्या शेणात उभा राहतो, तो उगाच नाही. पण मी विडा खाल्ला. चांगला होता.

"कालचं ठीक झालं," तो म्हणाला. "पण तुझ्या चालण्यात एक आवाज आहे. तो मला येत नाही. शिकव ना. तू माझा गुरू."

गुरू! जन्मात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. तो माझ्या जागी दांडीवर बसला आणि मी त्याच्यापुढं चाललो. दहा वेळा, वीस वेळा. "डावा पाय धप्पकन टाकायचा, दादा. उजव्याची टाच टेकायची नाही. अंगठा वाळूतनं ओढायचा. धप्प, सर्र. धप्प, सर्र." रेडा थांबून बघायला लागला. त्याच्या बापजन्मात त्याला असा मास्तर दिसला नव्हता.

मधूदादाला जमलं. हुशार होता, खोटं कशाला बोलू? डोळे मिटून मी ऐकलं तर मीच चालतोय असं वाटलं. अंगावर काटा आला. तो कौतुकाचा, असं मी स्वतःला सांगितलं.

आणि मग मी माझ्या तोंडानं खड्डा खणला.

"तरी पण चांगूमावशी फसायची नाही," मी म्हणालो.

चांगूमावशी बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावर एकटी राहायची. देवी आल्या तेव्हा तिचे डोळे गेले होते. तात्यांच्या पानमळ्यातली विड्याची पानं तिच्याकडे निवडायला यायची. कोवळं, जून, डागाळलेलं, ती बोटांनी ओळखायची. माणसं पावलांनी ओळखायची. मी अजून कुंपणापाशी असलो की आतून हाक यायची, "ये रे, पोरा."

"माझं पाऊल ती हजारांत ओळखते," मी ऐटीत म्हणालो.

"बघू या तर," मधूदादा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. पंधरा-वीस जण. मी सगळ्यांच्या मागे, हातानं तोंड दाबून. हसू फुटू नये म्हणून. मला जिंकायचं होतं. ती "कोन रे तू सोंगाड्या?" असं ओरडेल आणि मुंबईच्या नटाची जिरेल, असं मला वाटत होतं. एवढ्यासाठी मी त्या बाईच्या दारात वीस माणसं उभी केली.

मधूदादा एकटा पुढं गेला. धप्प, सर्र. धप्प, सर्र.

ओटीवर मांडीत पानांची टोपली घेऊन मावशी बसली होती. तिनं मान वर केली. तोंडभर हसली.

"ये रे, पोरा."

मी हरलो होतो. एवढ्यावर थांबलं असतं तर हरणं परवडलं असतं. पण तिनं टोपली बाजूला सारली आणि बोलायला लागली.

"दार ओढून घे. त्या नाटक्यानं तुला लोकांत नाचवलं म्हनं. आनि तू हसलास. मला सांगितलं तुझ्या आयशीनं. बस हितं. रडून घे. दर वर्साला घेतोस तसं. हितं कोनी बघत नाय. मला तर दिसतच नाय."

माझा हात तोंडावरच राहिला.

होय. दर शिमग्याला मी अंगणात हसायचो आणि मावशीच्या ओटीवर रडायचो. हे जगात तिघांना ठाऊक होतं. मी, आई, मावशी. आता वीस जणांना कळलं. मी शिकवलेल्या पावलांनी ते बाहेर काढलं.

मावशीनं हात पुढं केला, मधूदादाच्या डोक्यावरून फिरवायला. केसांचं वासाचं तेल हाताला लागलं. हात तिथंच थांबला.

"कोन हाय?"

कुंपणामागून एकदम हशा फुटला. कुणी शिट्टी मारली. मधूदादा तिचा आवाज काढून म्हणाला, "रडून घे हितं, पोरा!" आणि पुन्हा हशा.

मावशीनं हात मागं घेतला. पदराला पुसला. टोपली परत मांडीत ओढली.

"शिमगा हाय," ती म्हणाली. "चालायचंच."

ती पानं निवडायला लागली. मी बघत होतो. एक डागाळलेलं पान तिच्या बोटांखालून गेलं आणि चांगल्यांच्या चळतीत पडलं. मग दुसरं. मी हे कधीच पाहिलं नव्हतं.

मी पुढं गेलो नाही. "मावशी, मी हितं हाय," असं म्हणालो नाही. माझे दीड पाय त्या दिवशी खरोखर दीडच निघाले. मी सगळ्यांबरोबर परत फिरलो. वाटेत कुणी पाठीवर थाप मारून म्हणालं, "मनाला लावून घेऊ नको हां." हे वाक्य मी त्यानंतर खूप ऐकलं. ज्याच्या हातात दगड असतो तोच हे म्हणतो.

रंगपंचमीला तात्यांच्या अंगणात नवं सोंग ठरलं. 'आंधळी आणि लंगडा.' लुगडं नेसून, डोळ्यांवर फडकं बांधून मधूदादा मावशी होणार. आणि लंगडा कोण?

"खरा लंगडा असल्यावर खोटा कशाला?" तात्या म्हणाले. "तू नुसता चालत ये. बाकीचं तो बघेल."

"बरं," मी म्हणालो. रहाट त्यांचा, रेडा त्यांचा. माझ्या तोंडातून 'बरं' आपसूक यायचं, जशी शिंक येते.

घरी आलो. आईनं विचारलं, "जानार?"

"जानार."

पोळ्यांसाठी आणलेल्यातला एक नारळ उरला होता. तो तिनं माझ्यासमोर ठेवला. शेंडीसकट. आणि पाणी भरायला निघून गेली.

तिला काय म्हणायचं होतं? "कालवणाला सोलून ठेव," एवढंच असेल कदाचित. मी आजही नक्की सांगू शकत नाही. मी तिला कधी विचारलं नाही. पण तो नारळ बघत मी किती वेळ बसलो ते मला ठाऊक आहे.

दुपारी अंगण भरलेलं. मधूदादा लुगड्यात, डोळ्यांवर फडकं, पुढ्यात केळीच्या पानांची टोपली. आंधळ्या बाईसारखे हात हवेत फिरवत होता. मावशी कधी असे हात फिरवत नसे. तिचे हात आमच्यापेक्षा नेमके होते. पण लोकांना तेच आवडत होतं.

"ये रे, पोरा!" तो किंचाळला.

मी निघालो. धप्प, सर्र. पहिल्या पावलालाच हशा. अंगणाच्या मध्यावर आलो आणि उपरण्याखालून नारळ काढला. जमिनीवर ठेवला.

"मी रुसलो."

मग असा हशा उसळला की माडावरचे कावळे उडाले. त्यांना वाटलं, हेही सोंगातलंच. मधूदादा फडक्याखालून कुजबुजला, "वा! हे झकास सुचलं तुला."

बघा माझी फजिती. आयुष्यात एकदा खरं बोललो आणि तोही विनोद ठरला. मीच वर्षानुवर्षं लोकांना सवय लावली होती. माझ्या तोंडातून निघेल त्याला हसायचं. मी आता ओरडलो असतो, तरी ते हसले असते. रडलो असतो, तरी हसले असते. चालत निघून गेलो असतो, तर सगळ्यांत जास्त हसले असते. माझं चालणंच तर बघायला आले होते.

म्हणून मी बसलो.

नारळाच्या शेजारी मांडी घातली. वाळका पाय समोर पसरला. बसलो तो बसलोच.

हसणं थोडा वेळ चाललं. मग पातळ झालं. मग मागचे विचारायला लागले, "पुढं काय?" मधूदादानं दोनदा हाक मारली, "ये रे, पोरा." मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं फडकं वर सरकवलं.

"ऊठ रे, पुरे झालं," तात्या म्हणाले.

"आधी तुम्ही उठा," मी म्हणालो. "मी चाललो की तुम्ही बघणार. सगळे घरी जा. मग मी चालेन."

"काय बोलतोस? कुणाच्या अंगणात बसलायस?"

"तुमच्या. नारळ ठेवलाय. रीत तुमचीच हाय."

कुणी खाकरलं. बायकांतून माझी आई निघाली, सरळ येऊन माझ्या शेजारी बसली. मग तोतरा गुरव आला. तो बसला नाही, माझ्यामागं नुसता उभा राहिला. बाकी कुणी आलं नाही. गाव बदललं वगैरे काही झालं नाही. एकेक करून लोक पांगले. कंटाळून. तात्या आत गेले. लुगडं सावरत मधूदादा त्यांच्यामागून गेला. अंगण रिकामं झाल्यावर मी उठलो आणि चाललो. त्या अंगणात माझ्या चालण्याचा आवाज मला पहिल्यांदाच हशाशिवाय ऐकू आला.

तो नारळ कुणी फोडला नाही. तिथंच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी रहाटावर दुसरा माणूस होता. दोन धड पायांचा. रेड्यानं मला ओळखलं, एवढंच. मी चांदीप गावाकडे एका विटांच्या भट्टीवर कामाला लागलो. तिथंही बसून करायचं काम, आणि तिथंही पहिल्या दिवशी एकानं माझी चाल काढून दाखवली. मी काम थांबवलं. तो थांबेपर्यंत.

मावशीकडे मी रंगपंचमीच्याच संध्याकाळी गेलो होतो. कुंपणापाशी पोचलो. हाक आली नाही. ओटीपर्यंत गेलो, तेव्हा ती म्हणाली, "कोन हाय?"

मी नाव सांगितलं.

"नाव कोनी पन सांगेल. परत चालून दाखव."

मी चाललो. कुंपणापर्यंत आणि परत. ती कान देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "तसंच वाजतंय. त्याचं पन तसंच वाजलं होतं."

"तुझा हात दे, मावशी." मी तिचा हात माझ्या वाळक्या पोटरीवर ठेवला. तिनं चाचपून पाहिलं. तेवढ्यानंच तिला पटलं.

ती मरेपर्यंत हेच चाललं. मी दारातून नाव सांगायचो आणि पाय पुढं करायचो. "ये रे, पोरा" ही हाक मला पुन्हा ऐकू आली नाही. ती मी स्वतः एका नटाला देऊन टाकली होती, एका विड्याच्या पानावर.

आता लोक विचारतात, मग काय, हसायचंच नाही का? माझ्या पायावर मी अजून विनोद करतो. साडेपाच पायांचा अजून सांगतो. पाय माझा आहे. पण कुणी हसलं की मी आधी त्याचे डोळे बघतो आणि विडा आणला असेल तर खात नाही. दुसऱ्याच्या उण्यावर विनोद करणारा माझ्यापुढं आला, की तो केवढा का मोठा नट असेना, मी त्याच्या हशात माझा हशा घालत नाही. माझी चाल मी कुणाला शिकवत नाही. आणि मावशीच्या डोळ्यांवर बोलायचा हक्क मलाही नाही. कधीच नव्हता.

माझ्या घराच्या तुळईला एक नारळ बाराही महिने टांगलेला असतो. सुकला की बदलतो. शिमगा असो, नसो. बोलवा मला कुठल्याही अंगणात. मी नारळ घेऊन येईन, मधोमध ठेवीन आणि बसेन. तुमचं हसणं संपेपर्यंत उठणार नाही.