पिट एंट्रीपाशी उभी होती ती मीच?

आधीच सांगते, मी भुतंखेतं मानणाऱ्यांतली नाही. ब्रेक ऑइल, टायरचं प्रेशर आणि सर्व्हिस रेकॉर्ड यांवर विश्वास ठेवणारी बाई आहे मी. इथले अनुभव वाचताना बऱ्याचदा मनात हसलेही आहे. त्यामुळे हे लिहायला सव्वा वर्ष लागलं... आणि नावं बदलली आहेत, त्याचं कारण शेवटी कळेल.

आम्ही मूळचे पुण्याचे. बारा वर्षं झाली, दिल्लीत मयूर विहार फेज वनमध्ये राहतो. माझं ऑफिस गुरुग्रामला, नवऱ्याचं — नितीनचं — नोएडाला. दोन-अडीच वर्षांपूर्वी नितीनच्या एका मित्राबरोबर ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर ‘ट्रॅक डे’ बघायला गेलो. म्हणजे स्पर्धा वगैरे नाही; हौशी लोक आपापल्या गाड्या आणतात आणि मोकळ्या ट्रॅकवर पळवतात. शेजारच्या सीटवर बसून मी दोन फेऱ्या मारल्या आणि वेडीच झाले. चाळिशीला आलेली बाई, पण ठरवलं — आपली स्वतःची गाडी घ्यायची. जुनी, हलकी, पेट्रोल हॅचबॅक, जी ठोकली तरी घरात कुणी रडणार नाही.

आठ महिने शोधत होते. एक्सेलमध्ये यादी केली होती. गंज कुठे बघायचा, गिअर कुठे अडकतो, सुटे भाग सहज मिळतात का... शिवाय दिल्लीत पंधरा वर्षांहून जुनी पेट्रोल गाडी चालत नाही, म्हणजे फार जुनी घेऊन उपयोग नाही. रोहिणी, गाझियाबाद, सोनीपत — दर रविवारी कुठे ना कुठे. नितीन म्हणायचा, “इतकं तर तू मला पण पारखलं नव्हतंस.”

आता केतकी. माझी मामेबहीण, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. नोकरीसाठी नुकतीच गुरुग्रामला आली होती. केतकीचं असं आहे की तिला सगळं आपोआप मिळतं. लहानपणी मी तीन वर्षं पोहायचा क्लास केला. ती एका सुट्टीत आमच्याकडे आली, आठवडाभरात माझ्यापेक्षा सुरेख पोहायला लागली. तिच्याबद्दल बोलताना माझ्या आईचा आवाज कौतुकाने बदलतो. आणि ती स्वभावाने चांगली आहे हो, तोच तर त्रास आहे! वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं.

एका रविवारी फरीदाबादला गाडी बघायला निघाले तर ती म्हणाली, “ताई, मी पण येऊ? घरी बोअर होतंय यार.” आली. गाडी राखाडी रंगाची, एकाच मालकाने वापरलेली, अजिबात गंज नाही. चालवून बघितली आणि माझ्या हाताला घाम फुटला. हीच! फक्त एक गोष्ट... सिग्नलला ब्रेकवर हलका पाय ठेवून थांबले होते, तर पेडल हळूहळू खाली बसत गेलं. अगदी थोडं. पुन्हा दाबलं तर कडक. ब्रेकच्या मुख्य सिलिंडरमधलं रबर जात आलं की असं होतं, हे मी वाचलेलं होतं. जोरात दाबून बघणाऱ्याला कळणारही नाही. मालकाला म्हटलं, मेकॅनिकला विचारून दोन दिवसांत सांगते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केतकीचा फोन. “ताई, रागावू नकोस हां. मी ती गाडी घेतली! मला वाटलं तुला आवडली नाही. चलो, आता दोघी मिळून जाऊ ट्रॅकला!”

मी म्हटलं, “अच्छा... छानच.”

पेडलबद्दल बोलले नाही. तेव्हा वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, ती मेकॅनिकला दाखवेलच. तिने दाखवलीसुद्धा. नवे टायर, नवे ब्रेक पॅड, नवं ऑइल घातलं. मेकॅनिक म्हणाला, फर्स्ट क्लास. ती फॅमिली ग्रुपवर फोटो टाकायची आणि माझी आई खाली हृदयं टाकायची. मी फोटो मोठा करकरून बघायचे. मला आवडलं असतं तेच स्टिअरिंग कव्हर, तीच जागा, आणि आत ती.

खरं सांगते, तिला काही व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. फक्त गाडी बंद पडावी, सगळ्यांसमोर टो करून आणावी लागावी, आणि तिने म्हणावं, “ताई, तुझंच बरोबर होतं.” एवढंच हवं होतं.

फेब्रुवारीतला शनिवार, लख्ख ऊन. आम्ही तिघं सकाळी आठलाच ट्रॅकवर पोचलो. तपासणी झाली, गाडी पास झाली. अकराच्या सुमाराला केतकीचा नंबर आला. हेल्मेट घालताना तिने माझा हात धरला.

“ताई, तू इतका अभ्यास केलायस. काही सांगायचं राहिलंय का? मला भीती वाटतेय गं.”

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, “काही नाही. बिल्कुल परफेक्ट आहे गाडी.”

ती गेली. मला ते बघवेना. ट्रॅकलगतच्या इमारतीच्या मागे चहाची टपरी होती, तिथे नितीनला घेऊन जाऊन बसले. ट्रॅक तिथून दिसतसुद्धा नाही, फक्त आवाज येतो. हातात कागदी कप होता. एक फेरी झाली असेल... दुसरी सुरू होती. मला उठावंसं वाटत होतं, धावत जाऊन थांबवावंसं वाटत होतं; आणि मी उठत नव्हते. नितीन म्हणाला, “चहा गार होतोय तुझा.” मी कप तसाच धरून बसले. हे नीट लक्षात ठेवा — नितीन माझ्यासमोर होता, मी जागची हलले नाही.

पाच-सात मिनिटांनी गडबड ऐकू आली. धावलो. केतकीची गाडी पिटच्या रस्त्यात, म्हणजे ट्रॅक सोडून गाड्या आत घेतात त्या फाट्यात, तिरकी उभी होती आणि ती बाहेर येऊन खाली बसली होती. मला बघताच गळ्यात पडली.

“ताई, पेडल पार खाली गेलं गं! आत वळले आणि ब्रेकच नाही! खालचा गिअर टाकून, हँडब्रेक ओढून कशीबशी थांबवली. तू हात केला नसतास तर मी सरळ पुढे गेले असते...”

पुढे म्हणजे लांबलचक सरळ पट्टा, आणि त्याच्या टोकाला उजवीकडे एकदम तीव्र वळण. तिथे पोचेपर्यंत तिचा वेग काय असता, ते मला माहीत आहे.

मी म्हटलं, “मी हात केला?”

“मग? पिटमध्ये वळायच्या तोंडाशी, कठड्याच्या आत उभी होतीस. दोन्ही हातांनी आत ये, आत ये करत होतीस. रडत होतीस ना तू? मला वाटलं घरचा काही फोन आला की काय.”

मी नितीनकडे बघितलं. तो काही बोलणार तेवढ्यात ट्रॅकवर लक्ष ठेवणारा, झेंडा घेतलेला मार्शल तरातरा आला, माझ्यावर भडकलेला.

“मॅडम, ब्रीफिंग में बताया था ना, पिट एंट्री पे कोई नहीं जाएगा! गाड़ी लग जाती तो?”

“भैया, मैं तो पीछे चाय पी रही थी.”

“अरे, आप ही थीं! यही नीला कुर्ता. मैं इतना चिल्लाया, आपने मुड़ के भी नहीं देखा.”

“फिर किधर गई मैं?”

तो मागे वळून कठड्याकडे बघायला लागला. “वो... मैंने गाड़ी की तरफ देखा. फिर देखा तो आप नहीं थीं.”

केतकीच्या गाडीच्या काचेला कॅमेरा होता. संध्याकाळी आम्ही मयूर विहारला घरी बसून ते रेकॉर्डिंग बघितलं. शेवटचं वळण येतं, पिटचा फाटा येतो, कठडा दिसतो. तिथे कुणीही नाही. नुसतं ऊन. आणि केतकीचा आवाज, स्पष्ट — “ताई? काय झालं?” — आणि गाडी आत वळते.

केतकी म्हणाली, “कॅमेऱ्याचा अँगलच चुकीचा आहे.” तिने तो विषय तिथेच संपवला. तिच्यासाठी त्यात काही गूढ नाहीच. ताई आली, ताईने वाचवलं. नितीनने त्या दिवसानंतर एकदाच विचारलं, “तू नक्की माझ्यासमोर होतीस ना?” वेड्यासारखा प्रश्न, पण मी त्याला हसले नाही.

मेकॅनिकने सिलिंडर बदलला. गाडी झकास पळते. केतकी मागे लागते, तू चालव, तू चालव. मी कारणं काढते. सगळ्या नातेवाइकांना तिने ही गोष्ट सांगून झाली आहे. आता माझ्याबद्दल बोलतानाही आईचा आवाज तसाच बदलतो... आयुष्यभर जे हवं होतं ते मिळालं, आणि ते माझं नाही.

मार्शलने कुणाला बघितलं? केतकीने कुणाला बघितलं? दोघांची चूक एकाच क्षणी, एकाच कुर्त्यात कशी झाली? सव्वा वर्ष विचार करतेय, उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा.

केतकीचा हेवा मात्र आता वाटत नाही. वाटतो तो त्या दुसरीचा. ती धावत गेली, सगळ्यांसमोर रडली, हात हलवून सांगून मोकळी झाली. मी अजूनही केतकीला पेडलबद्दल सांगितलेलं नाही.