चाळीसपैकी अकरा

प्रशिक्षण साताऱ्यात होतं, एका मंगल कार्यालयात. नवरानवरीच्या खुर्च्या बाजूला सारून पडदा लावला होता आणि वर फलक: ‘आपत्कालीन आरोग्य सज्जता : मूल्यमापन व सुधारणा’. मी शिराळ्याच्या बाजूला, वारणाकाठच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका. दोन मोठे पूर मी मांडीभर पाण्यात उभं राहून काढलेत. शिकवायला पुण्याहून आलेल्या तरुणानं आम्हाला पहिल्या दिवशी कागदी पेल्यांचा मनोरा रचायला लावला. ज्याचा मनोरा उंच, तो गट संकटाला तयार. आमचा मनोरा पंख्याच्या वाऱ्यानं कोसळला.

“बघा, आपत्तीत नेमकं हेच होतं,” तो म्हणाला.

“आपत्तीत पंखा बंद असतो,” मी म्हणाले. “पहिली लाईटच जाते.”

तो हसला आणि पुढची चित्रं दाखवायला लागला.

तिसऱ्या दिवशी चाळीस प्रश्नांचा तक्ता हातात आला. प्रश्नाला एक गुण. सांगलीच्या माणसानं साताऱ्याकडचं केंद्र तपासायचं आणि साताऱ्याच्यानं सांगलीकडचं, म्हणजे आपलं माणूस आपल्याला गुण देणार नाही. जेवणाच्या रांगेतच त्याचा निकाल लागला. “तुम्ही छत्तीस द्या, आम्ही छत्तीस देतो.” हातात ताट धरून सगळे असे सौदे करत होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

चिठ्ठीत माझ्या वाट्याला उंब्रजकडचे एक आरोग्यसेवक आले. फौजेत नर्सिंग असिस्टंट होते, पेन्शन घेऊन इकडं लागलेले. फौजेतून आलेल्या प्रत्येकाला आमच्याकडं मेजरच म्हणतात, तसं त्यांनाही. तीन दिवस ते शेवटच्या रांगेत गप्प बसून होते. मला वाटलं, गरीब माणूस मिळाला.

ते तपासणीला आले तेव्हा आमच्या डॉक्टरांनी नारळ, टॉवेल-टोपी आणि पोहे तयार ठेवले होते. मेजरनी टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि तक्ता उघडला.

“टॉर्च हाय?”

“आहे की,” मी म्हणाले.

“दावा.”

टॉर्च सापडली, पण तिच्यात सेल नव्हते. एक सेल भिंतीवरच्या घड्याळात निघाला, दुसरा कुठं गेला ते शिपायालाही सांगता येईना. मग “जनरेटर चालतो?” “चालतो.” “चालवा.” झाकण काढलं तर आत गांधीलमाश्यांचं पोळं. भिंतीवर आपत्कालीन दूरध्वनींची यादी होती, चौकटीत बसवलेली. मेजरनी त्यातला एकेक नंबर फिरवला. दोन लागलेच नाहीत. तिसऱ्यावर कुणी म्हातारा बोलला, “मी पेन्शनीत जाऊन चार वर्सं झाली, आता कशाला तरास देताय?” ओआरएसची पाकिटं होती. सर्पदंशाची लसही भरपूर होती. नागांसाठी प्रसिद्ध असलेल्या शिराळ्याच्या बाजूचं केंद्र ते, ती नसती तर गावानं आम्हाला कोंडून ठेवलं असतं.

मेजरनी बेरीज केली. चाळीसपैकी अकरा.

“मेजर, जरा समजून घ्या,” डॉक्टर म्हणाले.

“समजून घेतलं म्हणून अकरा, साहेब. न्हाईतर नऊच व्हत्यात.”

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले ती भांडायलाच. “आवं मेजर, सगळ्यांनी एकमेकांना पस्तीसच्या वर दिलेत. आमचीच अब्रू कशाला काढली?”

“ताई, पूर आला की तुमी त्या टॉर्चचं बटण दाबणार. तवा काय गुणांचा उजेड पडणार हाय व्हय?”

पुढच्या आठवड्यात मी त्यांचं केंद्र तपासायला गेले ती दात-ओठ खात. टॉर्च लागली. जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू झाला. यादीतला प्रत्येक नंबर लागला. तरी मी शोधून शोधून नऊ गुण कापले. त्यांनी हूं की चूं न करता सही केली आणि त्या नऊ गोष्टी वेगळ्या कागदावर लिहून मागितल्या. परतताना एसटीत मला माझीच लाज वाटली.

सांगलीच्या आढावा बैठकीत पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा आला. सगळी केंद्रं हिरवी, आमचं एकटं लाल. “तुमच्याच केंद्रात अशी परिस्थिती कशी?” जिल्ह्याच्या साहेबांनी विचारलं. ज्यांच्या जनरेटरला हातभर धूळ होती हे मला ठाऊक होतं, ते सगळे आपापल्या फायलीत डोकं घालून बसले. हिरव्यांना चौकटीतली प्रमाणपत्रं मिळाली. आम्हाला काय मिळालं? सेल नाही, डिझेल नाही, मेकॅनिक नाही. पुन्हा प्रशिक्षण. तेच कार्यालय, तोच तरुण, तेच पेले.

त्यातून आल्यावर मी कुणाची वाट पाहिली नाही. दोन आशाताईंना घेऊन खालची आळी दारोदार फिरले. पाणी चढलं तर आधी कुणाला हलवायचं, ते वहीत लिहिलं: दोन गरोदर बायका, डायलिसिसवरचे एक आजोबा, अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी. शिपायानं धूर करून गांधीलमाश्या उठवल्या. नंबर नवे लिहिले आणि फिरवून पाहिले.

त्या पावसाळ्यात नदी घाटाच्या वरच्या पायरीला लागली, तशी आम्ही चौघांनाही हलवलं. दिवस भरत आलेल्या एका पोरीची सासू दारात आडवी उभी राहिली. “अजून पाणी कुठं हाय? सुनंला कुठं न्हेताय?” मी ऐकलं नाही. सुनेला गाडीत घालून शिराळ्याला तिच्या मावशीकडं पोचवलं. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. आळीत एक थेंब शिरला नाही. पारावरची माणसं मला बघून हसायची, “सिस्टरनी उगं पळापळ केली.” वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवला तर उत्तर आलं: आपत्ती उद्भवली नाही, सबब नोंद घेता येत नाही. माणसं वाहून गेली असती, तर नोंद घेता आली असती.

पोरीला शिराळ्यातच मुलगी झाली. बाराव्या दिवशी सासू जिलबीचा पुडा घेऊन केंद्रात आली, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “पर सिस्टर, पाणी काय आलं न्हाई हं.”

“न्हाई आलं,” मी म्हणाले, आणि पुड्याचा दोरा सोडला.