उणे चोवीसचा दगड

शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या मनिषा मॅडम लातुरात गणिताची शिकवणी घेतात. राग असा, की वर्गमूळ काढताना उणे चिन्ह खाल्लेल्या पोराला वर्गाबाहेर उभं करतात. चाळिशी आली तरी लग्न नाही. बघायला आलेल्यांनाही फळ्यापुढं उभं केलं असणार. माझं नाव सांगू नका.

गेल्या पुरात मॅडमच्या आणि शेजारच्या रानामधला धुरा, म्हणजे बांध, वाहून गेला, हद्दीचा दगडही गेला. दोन्ही घरांना एवढंच तोंडपाठ: दगड विजेच्या खांबापासून तीस फूट, समाईक विहिरीपासून चाळीस, खांब ते विहीर पन्नास. शेजारच्या सटवाजीनं फीत लावून नवा दगड पुरला. मॅडमच्या रानात!

पंचांनी मोजलं. तीस, चाळीस. बरोबर!

मॅडमनी काठीनं मातीत आकृती काढली. "खांब शून्यावर, विहीर पन्नासवर. अंतराच्या सूत्रानं दगडाचा क्ष येतो अठरा, य चा वर्ग पाचशे शहात्तर. म्हणजे य चोवीस, नाहीतर उणे चोवीस. रेषेच्या वर तुमची बाजू, खाली माझी. दगड वर होता, काका! तुम्ही खाली पुरलात!"

"दोनी बरोबर म्हन्तीस, मग माजं चुकलं कुटं?" सटवाजी हसला. "काल रान घेतलेल्यांनी आमाला हद्द शिकवायची व्हय?"

"माझ्या आबांचा जन्म गेला त्या रानात!" मॅडमनी काठी मातीत आपटली. पंच मुकाट पांगले.

मग आली येळवस. त्या अवसेला सगळा गाव रानात जेवतो आणि मालक आपल्या रानाच्या कडेनं आंबील शिंपडत फिरतो. सटवाजीकडं डाळी-पालेभाज्यांची भज्जी खायला पंचांसकट आम्ही सगळे. मडकं काखेत, मान खाली, सटवाजी निघाला. अन् नव्या दगडाकडं न जाता खांब-विहिरीच्या रेषेअलीकडं, आपल्याच बाजूला वळला! पायांना जुनाच कोपरा पाठ.

"काका, थांबा तिथंच!" शेजारच्या रानातून मॅडम कडाडल्या. "पाय हलवायचा न्हाई! लावा फीत, पंच!"

लावली. तीस, चाळीस, वीतभर इकडंतिकडं.

"आवो, फुडं जावा की," सटवाजीची बायको साखराबाई म्हणाली, "सोताचंच रान हाय म्हनं तिकडं!"

आम्ही पोट धरून हसलो. मॅडम हसल्या नाहीत.

"माझ्या आबांना काल रान घेतलेले म्हणालात, ते शब्द आधी परत घ्या. मग दगड उपटा."

सटवाजीनं शब्द पुटपुटत परत घेतले. "मोठ्यानं!" मग दगड उपटून आणून जुन्या कोपऱ्यात पुरला. तोवर मॅडमनी एकालाही जेवायला बसू दिलं नाही. भज्जी गार झाली. मुकाट पांगलेल्या पंचांनी तीच खाल्ली.